चेहऱ्याशेजारचं फूल

सास्तूरमध्ये चित्रकलेवर बोलायचं, तर सुरुवात तुमच्या घरच्या भिंतीपासूनच करतो. इथे कितीतरी भिंतींवर फोटो आहेत, फोटोंना हार आहेत, आणि बऱ्याच फोटोंची तारीख एकच आहे : ३० सप्टेंबर १९९३. चेहरा आणि त्याला लागून फूल. या जोडीचा अर्थ आपल्याला सांगावा लागत नाही. माणूस गेला, एवढाच तो.

पण आपल्याच मराठवाड्यात, अजिंठ्याला, या जोडीचा अर्थ वेगळा आहे. पहिल्या लेण्यात गाभाऱ्याच्या डाव्या बाजूला पद्मपाणि बोधिसत्त्व रंगवलेला आहे. काळ पाचव्या शतकाचा उत्तरार्ध, वाकाटक राजा हरिषेणाच्या आसपासचा. डोक्यावर मुकुट, मान किंचित कललेली, नजर खाली, आणि उजव्या हातात निळं कमळ. छतावरही फुलं, फळं, हंस यांची नक्षी आहे. ती शोभेसाठी. हातातलं कमळ मात्र शोभेचं नाही.

हे कुणा एका माणसाचं व्यक्तिचित्र नव्हे. भुवई धनुष्यासारखी, डोळा कमळाच्या पाकळीसारखा, असे संकेत पाळून काढलेला हा चेहरा आहे. म्हणजे फूल हातात आहे तसंच चेहऱ्यातही आहे. बोधिसत्त्व कोण? स्वतःची सुटका शक्य असूनही, इतरांच्या दुःखासाठी मागे थांबलेला. कमळ चिखलात उगवतं, त्याला आपण पंकज म्हणतो. तो चिखल सोडून जात नाही, हे इथे महत्त्वाचं.

आता भिंत पाहा. अजिंठ्याच्या खडकावर आधी मातीचा गिलावा आहे. त्यात गवत, तूस, वनस्पतींचे तंतू मिसळलेले. वर चुन्याचा पातळ थर, आणि तो सुकल्यावर रंग. तांबडा, पिवळा, हिरवा हे रंग माती-दगडांचे. निळा लाजवर्द दूर वायव्येकडून आलेला. पंधराशे वर्षं तो चेहरा मातीनंच धरून ठेवला.

आणि इथे? त्या पहाटे चारच्या सुमारास माती-दगडाच्या जाड भिंती आणि वरचं माळवदाचं ओझं झोपलेल्या माणसांवर आलं. दोष एकट्या मातीचा नव्हता. भिंतीला आरपार सांधणारे दगड नव्हते, आणि छत फार जड होतं. हे समजून घेणं हीसुद्धा करुणाच आहे, कारण त्यातून पुढची घरं वाचतात.

अजिंठ्याच्या चित्रकाराचं नाव आपल्याकडे उरलं नाही. तुमच्या भिंतीवरच्या माणसांची नावं अजून आहेत, त्यांना ओळखणारेही आहेत. तेव्हा एक विनंती करतो. पुढच्या वेळी हार बदलाल, तेव्हा फोटो खाली उतरवा आणि मागे चार ओळी लिहा : नाव, नातं, काय करत, कशाला हसत. भूकंपानंतर जन्मलेल्या मुलांना फुलामागचा माणूस कळू द्या.