पहिली गाठ निळी

आमच्या वेळी स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन म्हणजे काखही साफ करायची, हे ठरलेलंच. रोग तिथवर पोचलाय की नाही हे आधी कळायची सोय नव्हती, म्हणून झाडून सगळ्या लसिकाग्रंथी काढायच्या. भोपाळला तुलसी नगरात सरकारी क्वार्टरांच्या आमच्या ओळीत एक वहिनी होत्या. त्यांच्या काखेत रोग नव्हताच, पण हात असा सुजला की बांगड्या कापून काढाव्या लागल्या. मी ओटीतली सिस्टर, म्हणून मलाच विचारायच्या, "ताई, रिपोर्ट साफ आला, मग हे कशापायी?"

वहिनींना हवं असलेलं उत्तर जगात हळूहळूच तयार होत होतं. रंगानं रोग शोधायची कल्पना जुनी. अमेरिकेत जॉर्ज मूर यांनी १९४८च्या सुमारास मेंदूतली गाठ फ्लुओरेसिननं चमकवून पाहिली, मग त्याच रंगाला किरणोत्सारी आयोडीन जोडलं. काखेचा प्रश्न वेगळा होता. गाठीतून निघालेली लसिका सर्वांत आधी कुठल्या ग्रंथीत जाते? ती 'पहिली' ग्रंथी साफ असेल तर पुढच्यांना हात का लावायचा? १९७७ मध्ये काबान्यास यांनी शिश्नाच्या कॅन्सरमध्ये हा विचार मांडला. १९९२ मध्ये मॉर्टन यांनी त्वचेच्या मेलानोमात निळा रंग टोचून ती ग्रंथी शोधली, १९९४ मध्ये जुलियानो यांनी स्तनाच्या कॅन्सरमध्ये. मधल्या वर्षी क्रॅग यांनी रंगाऐवजी किरणोत्सारी टेक्नेशियम वापरलं. त्यात हातातला प्रोब ग्रंथीजवळ गेला की आवाज करतो.

टेक्नेशियमची अडचण घड्याळाची. दर सहा तासांनी ते निम्मं होतं. मुंबईत पंजाब मेलमध्ये चढवलं तर सकाळी भोपाळला पाव हिस्साही उरायचा नाही. म्हणून पाठवतात त्याचा बाप, मॉलिब्डेनम. तो निम्मा व्हायला ६६ तास घेतो. तो भरलेल्या डब्यातून, म्हणजे जनरेटरमधून, रोज टेक्नेशियम काढायचं. न्यूक्लियर मेडिसिनवाले त्या जनरेटरला सरळ 'गाय' म्हणतात. मुंबईत हे सोपं. परळला १९६३ पासून भाभा केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर टाटा हॉस्पिटलला लागूनच आहे आणि अणुभट्टी त्याच शहरात, ट्रॉम्बेला. बाकीच्यांना गाय पोसणं जड. गॅमा कॅमेरा हवा, परवाने हवेत, शिकलेली माणसं हवीत.

निळ्याला यातलं काही लागत नाही. मेथिलीन ब्लू १८७६ साली जर्मनीत निघाला, तो कापड रंगवायला. कुपी स्वस्त. स्तनाग्राभोवती टोचायचा, पाच मिनिटं चोळायचा, काख उघडली की निळी रेघ धरून ग्रंथीपर्यंत जायचं. पण चामडीतच राहिला तर जखम होते, म्हणून सुई खोल घालावी लागते. भूलवाल्यांनाही आधी सांगून ठेवावं. रंग रक्तात उतरला की बोटावरचं यंत्र ऑक्सिजन उगाचच घसरलेला दाखवतं. आणि नातेवाइकांनाही सांगावं, नाहीतर दुसऱ्या दिवशी हिरवी लघवी पाहून वॉर्डात गोंधळ!

मला सर्वांत आवडलं ते मात्र बिनरंगाचं काम. टाटाच्या वाणी परमार आणि राजेंद्र बडवे यांनी २०१३ मध्ये दाखवलं की काखेच्या खालच्या भागातली चरबी ग्रंथींसकट एकसंध काढून तपासली, तरी निदान रंग-टेक्नेशियमच्या तोडीचं होतं. खूण धरायची ती दंडाकडे जाणाऱ्या एका बारीक मज्जातंतूची. त्याच्या वर जायचं नाही. तो तुकडा पॅथॉलॉजीत जातो, आणि त्यात रोग निघाला तरच पुढची काख साफ करतात.