राखणदाराची जामीनकी

परप्रांतात नोकरीनिमित्त राहणाऱ्या आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या कचेरीच्या फाटकाशी आज जो गणवेशधारी पहारेकरी उभा असतो, तो सरकारचा नोकर नसतो. त्याला कामावर ठेवणारी संस्था निराळी असते. त्या संस्थेशी जो करार होतो त्याच्या कागदावर मात्र अनेकदा आपल्यापैकीच कोणाची तरी सही असते. कारखाने, इस्पितळे, पेढ्या, गृहसंस्था, सर्वत्र हीच व्यवस्था रूढ झाली आहे. २००५ साली संसदेने या धंद्याच्या नियमनाचा कायदा केला आणि तो पुढील वर्षी अमलात आला. लोकसेवक नसलेल्या व्यक्तीने एखाद्या माणसाचे वा मालमत्तेचे केलेले रक्षण, अशी खासगी सुरक्षेची व्याख्या त्यात केलेली आहे. ही व्याख्या वाचताना आम्हांस असे वाटले की, दोनशे वर्षांपूर्वीच्या हिंदुस्थानात या व्याख्येत न बसणारा पहारेकरी शोधावा लागला असता. कारण त्या काळी राखण ही बहुतांशी सरकारबाहेरचीच गोष्ट होती. तिच्या शर्ती मात्र आजच्याहून फार निराळ्या होत्या, आणि त्यांतली एक शर्त अशी की तिचा आज जवळजवळ विसर पडला आहे. राखण असूनही चोरी झाली, तर ती भरून कोणी द्यायची?

दख्खनपुरते याचे उत्तर एल्फिन्स्टनने लिहून ठेवले आहे. पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयी त्याने १८१९ साली जो अहवाल सादर केला, त्यात गावच्या जागल्याचे काम सविस्तर सांगितले आहे. हा जागल्या कोठे महार, कोठे भिल्ल, तर पुण्याच्या आसपास पुष्कळदा रामोशी असे. रात्री गस्त घालावी, गावातल्या प्रत्येक माणसाची चालचलणूक ठाऊक ठेवावी, परका कोण आला आणि केव्हा गेला यावर नजर असावी, हे त्याचे नित्याचे काम. चोरी झाली की त्याने चोराच्या पावलांचा माग काढायचा. माग गावाच्या शिवेपर्यंत नेऊन पलीकडल्या गावच्या जागल्याची खात्री पटवून दिली, की याची जबाबदारी संपली आणि त्याची सुरू झाली. असे करीत माग ज्या गावात जाऊन खुंटेल, त्या गावाने चोरीचा माल भरून द्यायचा. भरपाई प्रथम जागल्याकडून, त्याची ऐपत संपली की उरलेली साऱ्या गावाकडून. ही वसुली अन्यायाची आहे हे एल्फिन्स्टनने स्पष्ट म्हटले आहे, आणि ती पुरेपूर क्वचितच होत असे, काहीतरी दंड मात्र बहुधा बसे, अशी पुस्तीही त्याने जोडली आहे. हयगय वा संगनमत सिद्ध झाले तर पाटलाचे किंवा जागल्याचे इनाम काढून त्याच्या जवळच्या नातलगास देत.

हे शेवटचे कलम महत्त्वाचे आहे. जागल्याला गमावण्यासारखे काही होते. त्याचे बलुते होते, जमीन होती, हक्क होता, आणि तोच त्याचा जामीन होता. पगारी माणूस फार तर नोकरी गमावतो. वतनदार गमावी ते पिढ्यान्‌पिढ्यांचे.

गुजरातेत व काठेवाडात या जामीनकीने याहूनही भयंकर रूप घेतले होते. प्रवाशांना व मालाच्या तांड्यांना मुलूख ओलांडून देण्यासाठी जो सोबती घेत, त्याला तिकडे वळावा म्हणत. या कामी भाट व चारण यांना विशेष मागणी असे. त्यांच्यापाशी तलवारी असत, परंतु खरे शस्त्र निराळेच होते. त्यांच्या आश्रयास असलेल्या मालाला कोणी हात लावला तर ते स्वतःला जखम करून घेत, प्रसंगी जीव देत, आणि त्या रक्ताचे पाप लुटारूच्या माथी बसे. यालाच त्रागा म्हणत. आज घरातल्या चिडखोर माणसाला आपण ‘त्रागा करू नकोस’ असे सहज म्हणतो, तेव्हा त्या शब्दामागे कोण उभे आहे याची आपल्याला कल्पनाही नसते. अलेक्झांडर फोर्ब्सच्या ‘रासमाळा’ या १८५६ सालच्या ग्रंथात या प्रथेची भरपूर माहिती सापडते.

दक्षिणेत हीच संस्था कावल या नावाने नांदत होती. मदुरा, तिरुनेलवेली या बाजूस नोकरी केलेल्या आमच्या वाचकांच्या कानांवर हा शब्द आलेला असेल. तमिळ भाषेत पोलिसाला आजही याच शब्दावरून नाव आहे. गावची राखण ती स्थलकावल आणि मुलखाची राखण ती देशकावल. पहिली बहुधा कळ्ळर, मरवर अशा जमातींकडे आणि दुसरी पाळेगारांकडे असे. गावकरी पिकाचा ठरलेला हिस्सा देत, आणि चोरी झालीच तर कावलकाराने माल शोधून द्यावा किंवा किंमत भरावी असा संकेत होता. याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ज्या गावाने कावल ठेवली नाही, त्या गावची गुरे हटकून चोरीस जात. मग मध्यस्थामार्फत निरोप येई, आणि ‘तुप्पुकूली’ म्हणजे माग लावून दिल्याची मजुरी मोजली की गुरे कोठेतरी बांधलेली सापडत. राखणीची फी कोठे संपते आणि खंडणी कोठे सुरू होते, हे देणाऱ्यालाही सांगता येत नसे.

मराठी माणसाने यावर नाक मुरडण्याचे कारण नाही. आपल्या चौथाईचा वाद अजून मिटलेला नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी १९०० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात चौथाईची तुलना वेलस्लीच्या तैनाती फौजेशी केली, म्हणजे ती एक प्रकारे संरक्षणाची किंमत मानली. पुढच्या इतिहासकारांपैकी अनेकांस ते पटले नाही. आमच्या मते चौथाई घेणाऱ्याने तो मुलूख दुसऱ्या लुटारूपासून राखला किंवा नाही, यावर प्रत्येक प्रांतातला निकाल वेगळा लागेल. कसोटी तीच, जागल्याला लावलेली.

कंपनी सरकारला ही सारी व्यवस्था मान्य होणे शक्यच नव्हते. मुलखाची राखण करून पैसे घेणारा दुसरा कोणी त्यांना नको होता. बंगालमध्ये कॉर्नवॉलिसने १७९३ साली जमीनदारांकडून पोलिसी अधिकार काढून घेतले व दारोगे नेमले; तोवर आपल्या हद्दीतल्या चोऱ्यांची जबाबदारी जमीनदारांवर असे. दक्षिणेत १७९९ ते १८०१ या काळातल्या पाळेगारांच्या लढायांनंतर त्यांची सत्ता मोडली, आणि १८१६ च्या मद्रास कायद्याने गावचे पोलीस काम पाटलाच्या हाताखाली आणले. १८६१ च्या पोलीस कायद्याने तर राखण हे सरकारी खातेच बनले. चोराला शिक्षा करणे हे या खात्याचे काम झाले; चोरीस गेलेले भरून देणे हे कोणाचेच राहिले नाही. आमच्या दृष्टीने या सबंध इतिहासातला हा सर्वांत मोठा पालट होय, आणि तो फारसा गाजावाजा न होता घडला.

पण ज्यांचा पिढीजात धंदा गेला त्यांचे काय झाले? पुरंदर किल्ल्याची राखण रामोश्यांकडे होती. दुसऱ्या बाजीरावाच्या काळातच त्यांच्या हक्कांना धक्का लागला, आणि १८१८ नंतर किल्लेच निरुपयोगी झाल्यावर किल्ल्यांच्या रखवालदारांना कोण विचारतो? १८२६ च्या सुमारास उमाजी नाईकाने जे बंड उभारले त्याच्या मुळाशी हे बुडालेले हक्क होते. इंग्रजांनी मधल्या काळात त्यालाच माफी देऊन, नेमणूक करून, राखणीचे काम सांगून पाहिले, हे विशेष लक्षात घेण्यासारखे आहे. ते फार दिवस टिकले नाही. डिसेंबर १८३१ मध्ये तो पकडला गेला आणि ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात त्याला फाशी झाली. त्याचा पाठलाग करणाऱ्या कॅप्टन मॅकिन्टॉशने पुढच्याच वर्षी रामोश्यांविषयी एक पुस्तक लिहिले. त्या जमातीच्या इतिहासाचे ते आजही मुख्य साधन आहे. नियतीचा विनोद असा की, त्याच पुण्याच्या छावणीत साहेबांच्या बंगल्यांवर रात्रीच्या पहाऱ्यास रामोशीच असे. ठेवला नाही तर चोरी होणार, अशी सर्वांची खात्री होती. म्हणजे सरकारने मोडलेली राखण साहेब स्वतःच्या खिशातून विकत घेत होता.

पुढे १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा आला. तो प्रथम उत्तरेकडे लागू झाला आणि १९११ च्या नव्या कायद्याने मद्रास इलाख्यातही पोहोचला. ज्या कळ्ळरांनी काही शतके कावल केली, त्यांच्यातल्या एका शाखेला ठाण्यावर हजेरी देण्याची सक्ती झाली. ३ एप्रिल १९२० रोजी मदुरेजवळच्या पेरुंगामनल्लूर या गावी बोटांचे ठसे देण्यास लोकांनी नकार दिला, तेव्हा पोलिसांनी गोळीबार केला व अनेक माणसे मेली. जयपूर संस्थानात गावोगाव चौकीदारी करणाऱ्या मीणांच्या वाट्यासही असलाच कायदा आला. हा कायदा १९५२ साली रद्द झाला. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत रामोशी हे नाव आहे ते या इतिहासाची खूण म्हणून. राखण करणारा आणि चोर यांच्यात फरक करण्याची तसदी न घेता सरकारने दोघांना एकाच नोंदवहीत घातले.

याच सुमारास दिंडिगलकडच्या शेतकऱ्यांनी जो मार्ग काढला, तो फारसा परिचित नाही. १८९६ साली त्यांनी कळ्ळरांची कावल झुगारून दिली आणि गावोगाव वर्गणी जमविली. त्या पैशातून चोरीस गेलेल्या गुरांची भरपाई द्यायची आणि स्वतःचे राखणदार ठेवायचे. इंग्रजी ‘फंड’ या शब्दावरून या चळवळीला ‘फंडू’ असे नाव पडले. दंगे झाले, घरे जळाली, आणि त्यात कळ्ळरांवर अन्यायही पुष्कळ झाला. तथापि राखण आणि भरपाई या दोन गोष्टी वेगळ्या करता येतात, भरपाईचा बोजा सर्वांनी वाटून घेता येतो, ही कल्पना त्या निरक्षर गावकऱ्यांना सुचली होती. आजच्या विमा कंपन्या याहून निराळे काय करतात?

स्वातंत्र्यानंतर कारखाने वाढले तसा पहाराही वाढला. रांची येथील सरकारी कारखान्यास लागलेल्या मोठ्या आगीच्या चौकशीनंतर १९६८ चा केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचा कायदा झाला. २००९ च्या दुरुस्तीने हे दल पैसे घेऊन खासगी उद्योगांचीही राखण करू लागले. गुरखा पहारेकऱ्याची काठी आणि शिट्टी शहरातल्या रात्रीचा भाग होऊन बसली. मुंबईत दलालामार्फत नेमल्या जाणाऱ्या पहारेकऱ्यांची पिळवणूक इतकी वाढली की, माथाडी कायद्याच्या धर्तीवर महाराष्ट्राने १९८१ साली सुरक्षारक्षकांचा वेगळा कायदा केला. मंडळाने रक्षकांची नोंदणी करावी, मालकाने वेतन मंडळाकडे भरावे, आणि भविष्यनिर्वाह, रजा, उपदान यांची सोय त्यातून व्हावी, अशी ही रचना आहे. इतर राज्यांत नेमणुकीवर असलेल्या आमच्या अधिकारी मित्रांनी ती अवश्य पाहावी. पहारेकरी हा आधी कामगार आहे, हे ओळखणारा कायदा आपल्या राज्याने केंद्राच्या चोवीस वर्षे आधी केला.

केंद्राच्या २००५ च्या कायद्याचे लक्ष प्रामुख्याने संस्थेवर आहे. परवाना हवा, रक्षकाचे वय अठरा ते पासष्टच्या दरम्यान हवे, त्याच्या पूर्वचारित्र्याची चौकशी हवी, सैन्याचा वा पोलिसांचा भास होईल असा पोशाख नको. २००६ च्या आदर्श नियमांत शंभर तास वर्गातले आणि साठ तास प्रत्यक्ष कामाचे शिक्षण सांगितले आहे. २०१८ च्या नियमांनी पैसे वाहून नेणाऱ्या गाड्यांना शिस्त लावली: एका खेपेस पाच कोटींहून अधिक रक्कम नको, दोन सशस्त्र रक्षक हवेत, शहरात रात्री नऊनंतर यंत्रांत पैसे भरायचे नाहीत. वळाव्याच्या वंशजाला घड्याळ बांधून दिले, असे म्हणावयास हरकत नाही. चोरी झाल्यास भरपाई कोणी करावी हे मात्र या कायद्याने ठरविलेले नाही. तो प्रश्न करारावर सोडला आहे.

आणि म्हणूनच आम्हांस आपल्या सहीच्या कागदाकडे परत यावेसे वाटते. निविदा सर्वांत कमी दराची स्वीकारली जाते. नमुन्यात बहुधा एक कलम असते की, पहाऱ्यातील हयगयीमुळे झालेले नुकसान संस्थेच्या देयकातून कापून घ्यावे. एल्फिन्स्टनने वर्णिलेली जामीनकी येथे पुन्हा उगवलेली दिसते, पण खाली उतरत उतरत ती कोठे पोहोचते ते पाहण्यासारखे आहे. संस्थेचा नफा आधीच निविदेच्या चढाओढीत घासलेला असतो, तेव्हा ती हे नुकसान रक्षकाच्या पगारावर टाकू पाहते. वेतनाच्या कायद्याने अशी कपात करता येते. मात्र माल त्याच्या ताब्यात दिलेला असला पाहिजे, हयगय त्याचीच असली पाहिजे आणि त्याचे म्हणणे आधी ऐकून घेतले पाहिजे. बारा तास फाटकाशी उभ्या असलेल्या परगावच्या पोराला हे ठाऊक नसते, आणि ठाऊक असले तरी ते कोणापुढे मांडावे हे कळत नसते. त्याच्यापाशी बलुते नाही, जमीन नाही, शिवेपलीकडल्या गावाची खात्री पटवून देता येईल असा मागही नाही. मूळ मालकाने कंत्राटदाराकडून वेतनपत्रक मागवून ही कपात तपासावी, इतका अधिकार आपल्या खुर्चीला आज आहे.