मेरीला साडी नेसवणारा चित्रकार

देवाची तसबीर विकत घेताना चित्रकाराचं नाव कोण विचारतं? रेनेसाँच्या काळातल्या इटलीतही बाळ येशूला मांडीवर घेतलेली मेरी कितीतरी घरांत अशीच पोचायची. जोव्हान्नी बेल्लिनीसारख्या नामवंताच्या कार्यशाळेत एकच मेरी पुन्हा पुन्हा काढली जाई. त्या काळची पद्धत आपल्या ओळखीची वाटेल: रेखाटनाच्या कागदाला रेषेवरून सुईनं भोकं पाडायची, कागद फळीवर ठेवायचा आणि वरून कोळशाची पूड टाकायची. रांगोळीचे ठिपके पाडायला भोकांचा कागद वापरतात, तसंच.

नक्कल म्हणजे कमअस्सल, असं आज आपण धरून चालतो. भाविकांचा हिशेब उलटा होता. संत लूकनं मेरीला समोर बसवून तिचं चित्र काढलं, अशी आख्यायिका होती. रोमच्या सांता मारिया माज्जोरे चर्चमधलं चित्र त्याच्याच हातचं मानत. म्हणजे नक्कल जितकी हुबेहूब, तितका मेरीचा खरा चेहरा जवळ. 1569 मध्ये जेझुइटांचे प्रमुख फ्रान्सिस बोर्जा यांनी पोपच्या परवानगीनं या चित्राची नक्कल करवून घेतली. तिच्या पुढच्या नकला जगभर गेल्या.

त्यातली एक गोव्याहून निघालेल्या पाद्र्यांबरोबर 1580 मध्ये फत्तेपूर सिक्रीला पोचली. अकबर ती बघायला पाद्र्यांच्या प्रार्थनाघरात गेला आणि भारावला. त्याच्या चित्रकारांनीही युरोपीय मेरी उतरवून घेतल्या. पण उतरवता उतरवता तिच्या पाठीशी मुघल लोड आले, पायाखाली गालिचे आले. त्यांना काय, चेहरा चुकण्याचं भय नव्हतं. मेरी त्यांच्या देव्हाऱ्यातली नव्हती!

जिच्यासमोर गुडघे टेकायचे, तिच्या बाबतीत इतकी मोकळीक कुठली? गोव्यातली मेरी मुख्यतः युरोपीय नमुन्यांवरूनच घडत राहिली. अँजेलो द फोन्सेका याला इथेच अडला. 1902 मध्ये गोव्यातल्या सांत इस्तेव्हला जन्मलेला हा कॅथलिक चित्रकार आधी मुंबईच्या जे. जे.त शिकला, मग शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ ठाकूर आणि नंदलाल बोस यांच्याकडे. परतल्यावर त्यानं मेरीला साडी नेसवली, तिला सावळा रंग दिला. गोव्यातल्या चर्चच्या वर्तुळात हे अनेकांना खपलं नाही. नाक-डोळे बदलले तर ती मेरी कशी, हा त्यांचा सवाल ढोंगी नव्हता. लूकची आख्यायिका मानली की तो येतोच. पण लूकनं रोमन बाई तरी कुठे पाहिली होती?

फोन्सेका पुण्याला आला आणि ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहिला. हा आश्रम अँग्लिकन जॅक विन्स्लो यांच्या पुढाकारानं उभा राहिलेला, म्हणजे कॅथलिकाला आसरा मिळाला तो दुसऱ्या पंथाकडे. विन्स्लोंवर रेव्हरंड ना. वा. टिळकांचा प्रभाव होता. ख्रिस्ताला अभंगात आणून टिळकांनी शब्दांत हेच केलं होतं. (नागपूरहून राजनांदगावला जाताना गाडीत भेटलेल्या एका गोऱ्या प्रवाशानं टिळकांना बायबल वाचायला लावलं. ती लाइन आपल्या गोंदियावरूनच जाते.)

कोणतीही एक कलाशैली चर्चनं आपली म्हणून ठरवलेली नाही, असं व्हॅटिकन परिषदेनं 1963 मध्ये लिहून दिलं. फोन्सेका 1967 मध्ये वारला. त्याची बरीच चित्रं आता गोव्यातच, पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात आहेत.