बोरघाट : रुळांमागचा कारभार

१/ मुंबई-पुणे प्रवासात खंडाळ्याचे बोगदे पाहता पाहता मागे पडतात. बांधकामाचे यश आराखड्याइतकेच कारभारावरही कसे अवलंबून असते, याचा हा घाट बोलका दाखला आहे.

२/ १८५६ मध्ये काम सुरू झाले. जीआयपी रेल्वेचे ठेकेदार विल्यम फेव्हिएल यांनी कामाचे तुकडे पोटठेकेदारांत वाटले. मजुरीचा पैसा या साखळीत अडकू लागला.

३/ जानेवारी १८५९ मध्ये थकलेल्या मजुरीवरून कामगारांचा उद्रेक झाला. त्याच वर्षी फेव्हिएल यांनी ठेका सोडला. मजुरीच्या तंट्यांसाठी सरकारला १८६० मध्ये कायदा करावा लागला.

४/ नवे ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल भारतात आल्यावर काही आठवड्यांतच निवर्तले. त्यांच्या पत्नी ॲलिस यांनी ठेका न सोडता प्रत्यक्ष देखरेख ॲडमसन आणि क्लाउझर या अभियंत्यांवर सोपवली. जबाबदारी निश्चित झाली आणि कामाला वेग आला. १८६१ मध्ये घाटात ४२,००० हून अधिक मजूर राबत होते.

५/ एप्रिल १८६३ मध्ये २५ बोगद्यांचा हा मार्ग खुला झाला. मात्र पटकीच्या साथींत आणि अपघातांत असंख्य मजूर दगावले. ठेकेदारांची नावे इतिहासात राहिली, त्यांची राहिली नाहीत.

६/ जुलै १८६७ मध्ये याच मार्गावरील दगडी बांधणीचा एक मोठा पूल कोसळला. काम वेळेत उरकणे आणि ते टिकाऊ होणे या दोन निराळ्या कसोट्या आहेत. कोणत्याही वास्तूचा इतिहास वाचताना म्हणूनच तीन प्रश्न विचारावेत : मजुरी कोणी दिली, तपासणी कोणी केली आणि किंमत कोणी मोजली?