कण्याचा क्षय

आपल्या कथापुराणांत कुबड हें बहुधा स्वभावाचें किंवा प्राक्तनाचें चिन्ह म्हणून येतें. मंथरेची वाकलेली पाठ ही तिच्या वाकड्या बुद्धीची खूण ठरली. कुब्जेला सरळ करावयास प्रत्यक्ष श्रीकृष्णाचा हात लागला. कुबड हा एखाद्या रोगाचा परिणाम असूं शकेल, ही दृष्टि मनुष्यास फार उशिरां आली.

रोग मात्र प्राचीन आहे. सुमारें तीन हजार वर्षांपूर्वींच्या इजिप्तमधील एका पुजाऱ्याचें जतन केलेलें शव स्मिथ व रफर या संशोधकांनीं तपासलें व १९१० सालीं त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. त्यांत खचलेले मणके होते आणि कण्यापासून खालीं उतरलेलें मोठें गळूंहि होतें. पुढें १७७९ मध्यें लंडनच्या पर्सिव्हल पॉट या शस्त्रवैद्यानें वाकलेला कणा व लुळे पाय यांचा संबंध स्पष्ट केला. रोगास त्याचें नांव मिळालें. कारण मात्र त्यास कळलें नव्हतें. १८८२ मध्यें रॉबर्ट कॉखनें क्षयाचा जंतु दाखविला, आणि १८९५ मध्यें राँटगेनला सांपडलेल्या क्ष-किरणांनीं जिवंत माणसाचीं हाडें दिसूं लागलीं.

हा जंतु बहुधा प्रथम फुप्फुसांत शिरतो व रक्तावाटे मणक्यांत पोंचतो. शेजारच्या मणक्यांचा पुढील भाग तो पोखरतो; मणके पुढून खचतात, म्हणून पाठीवर उंचवटा येतो. सांचलेल्या पुवाचें गळूं होतें, परंतु तें तापत नाहीं, म्हणून त्यास शीत गळूं म्हणतात. तें कधीं जांघेपर्यंत उतरतें. पू किंवा हाडाचा तुकडा मज्जारज्जूवर दाबला गेला कीं पायांतील शक्ति जाते.

अहमदनगरांत अमेरिकन मराठी मिशनचें कार्य १८३१ पासून चाललें, व विसाव्या शतकाच्या आरंभीं मिशनच्या स्त्री-डॉक्टर तेथें रुग्णसेवा करीत होत्या. त्या काळीं जगांतील कोणत्याहि रुग्णालयाजवळ हा जंतु मारणारें औषध नव्हतें. स्वित्झर्लंडांत रोलिए हा वैद्य १९०३ पासून रुग्णांना सूर्यप्रकाशांत ठेवी. अन्यत्र महिनोन्महिने प्लास्टरच्या सांच्यांत निजवून ठेवीत. कण्यास विश्रांति मिळे, जंतु मात्र तसाच राही. १९४३ मध्यें स्ट्रेप्टोमायसिन सांपडलें, १९५२ मध्यें आयसोनियाझिड आलें, आणि चित्र पालटलें. कोरियांतील चांचण्यांत औषध घेऊन हिंडते-फिरते राहिलेले रुग्ण निजून राहिलेल्यांइतकेच बरे झाले. वाराणसीच्या डॉ. तुली यांनीं १९७५ मध्यें मध्यममार्ग मांडला: औषध सर्वांना, शस्त्रक्रिया ज्यांना खरोखर गरज त्यांनाच. आज चार औषधें दोन महिने आणि त्यांतील कांहीं पुढें, मिळून बहुधा वर्षभर, असा उपचार असतो.

मग आज अडचण कोठें आहे? ती निदानांत आहे. ज्या जिल्ह्यांत उसाची मोळी डोक्यावर वाहिली जाते, तेथें पाठदुखीचें कारण शोधावयास कोणी जात नाहीं. कारण समोरच असतें. शिवाय हाडाचा बराच भाग गेल्यावांचून साध्या क्ष-किरण चित्रांत रोग दिसत नाहीं. एम.आर.आय. तो लवकर दाखवितो. सुईनें काढलेल्या नमुन्याच्या तपासणीनें जंतु ओळखतां येतो. अनेक आठवडे न थांबणारी, रात्रीं जागविणारी पाठदुखी, सोबत वजन घटणें किंवा सायंकाळचा ताप, एवढें दिसलें तरी वैद्याकडे जावें. ताप नसला म्हणून निश्चिंत राहूं नये. पाय जड होणें किंवा लघवीवरील ताबा जाणें दिसल्यास त्याच दिवशीं जावें.

याच जिल्ह्यांत लोणी येथें १९८४ पासून ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. क्षयाचीं औषधें शासनाकडून विनामूल्य मिळतात, आणि पोषणासाठीं २०१८ पासून मिळणारे दरमहा ५०० रुपये २०२४ मध्यें १००० झाले. लुळे झालेले पाय वेळीं उपचार मिळाल्यास पुष्कळदां पुन्हां चालूं लागतात. पक्कें झालेलें कुबड मात्र औषधानें सरळ होत नाहीं. म्हणून पाठ सरळ आहे तोंवरच तिच्या दुखण्याची चौकशी झाली पाहिजे.