सावली कोणाच्या वाट्याला? मौद्याचा उन्हाळा आणि शेतमजुराच्या आठ तासांचा इतिहास

"ऊन काय जात बघून पडतं का?" जातीच्या प्रश्नावर बोलायला लागलो की उन्हाळ्यात हा टोमणा हमखास ऐकू येतो. उत्तर साधे आहे. ऊन जात बघत नाही. पण उन्हातून बाजूला व्हायला लागते सावली, पाणी आणि सुट्टी. या तीन गोष्टी या देशात जात आणि जमीन बघूनच वाटल्या गेल्या आहेत. हे भावनेच्या भरात केलेले विधान नाही. त्याला इतिहास आहे आणि तो आपल्या चळवळीच्या इतिहासाला जोडलेला आहे.

सुरुवात आपल्याच गावापासून करू. कन्हान नदीच्या काठावरचा मौदा तालुका. वैनगंगेच्या खोऱ्यातला धानपट्टा इकडेच सुरू होतो. मे महिन्यात इथल्या एखाद्या दोन एकरवाल्या बौद्ध कुटुंबाचा दिवस पहाटे चारला सुरू होतो. दिवस उगवायच्या आत बांधीत शेणखत पोचवायचे, धसकटे वेचायची, फुटलेले धुरे बांधायचे, काट्याकुट्या काढून जाळायच्या. मृगाच्या आधी हे सारे झालेच पाहिजे. नाहीतर पेरणी, परे, रोवणी सगळेच मागे पडते. दहा वाजेपर्यंत माती पायाला चटके देऊ लागते. डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा, सोबत पाण्याची कॅन आणि डब्यात शिळा भात नाहीतर आंबील. अकराच्या सुमारास पुरुष मोहाच्या किंवा आंब्याच्या झाडाखाली येऊन टेकतो. बाई त्या वेळी घरी चुलीपुढे असते. पत्र्याचे छप्पर आणि खाली पेटलेली चूल. तिची दुपार शेतापेक्षा घरात जास्त तापते. त्यावर पाणी भरणे, शेळ्यांचा चारा, गोवऱ्या. तिच्या कामाला 'काम' म्हणून कोणी मोजत नाही. म्हणून तिच्या विश्रांतीचा प्रश्नही कोणाला पडत नाही.

हे झाले स्वतःच्या शेतातले. पण दोन एकरांत घर चालत नाही. बाबासाहेबांनी १९१८ सालीच भारतातील लहान शेतजमिनींवर निबंध लिहून हे मांडले होते. जमिनीचा तुकडा लहान आहे हे खरे दुखणे नाही. त्या तुकड्यावर जेवढी माणसे अवलंबून आहेत त्यांच्या श्रमाला पुरेसे काम आणि भांडवल नाही, हे दुखणे आहे. आणि त्यावरचा उपाय औद्योगिकीकरणात आहे, असे त्यांचे म्हणणे होते. मौद्यात आजही हेच दिसते. आपल्या बांधीतले काम आटोपले की तोच माणूस दुसऱ्याच्या शेतात रोजाने जातो. भिवापूर-मांढळकडे मिरचीचे सातरे लागतात, तिथे बाया मिरचीचे देठ खुडायला बसतात. डोक्यावर ऊन आणि नाकातोंडात तिखटाचा खकाणा. स्वतःच्या शेतात माणूस अकराला थांबू शकतो. दुसऱ्याच्या शेतात थांबायची वेळ दुसरा ठरवतो. माझ्या मते उन्हाळ्याच्या प्रश्नाची खरी गाठ इथेच आहे.

नागपूरचे तापमान २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश नोंदले गेले. हा आकडा आपण सगळे सांगतो. पण तो मोजतात कसा? वेधशाळेचा तापमापक पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून उंचावर, सावलीत ठेवलेला असतो. शास्त्राच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. सगळीकडे सारखे मोजता यावे म्हणून ती पद्धत आहे. पण याचा अर्थ असा की ४७.९ हा आकडा सावलीचा आहे. उघड्या रानात, तापलेल्या मातीवर वाकून काम करणाऱ्याच्या पाठीवर काय पडते, ते या आकड्यात नाही. उष्णतेची लाट जाहीर करायची ती याच आकड्यावरून: मैदानी भागात ४० अंशांच्या वर जाऊन नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त, किंवा थेट ४५. मग सूचना येते, दुपारी बारा ते चार घराबाहेर पडू नका. सूचना चांगली आहे. पण ज्याची वेळ त्याच्या स्वतःच्या हातात आहे, त्यालाच ती पाळता येते.

आता १९०१ सालात जाऊ. बाबासाहेबांच्या लहानपणीचा गोरेगावच्या प्रवासाचा प्रसंग आपल्याला पाठ आहे. पण तो उन्हाळ्याच्या सुट्टीतला प्रसंग आहे, हे आपण विसरतो. वडील सुभेदार रामजी साताऱ्याजवळच्या खटाव तालुक्यात गोरेगाव येथे खजिनदार होते. तिथे सरकारने तलाव खोदायचे काम काढले होते, दुष्काळात मरणाऱ्या लोकांना मजुरी मिळावी म्हणून. भीमराव, त्यांचे मोठे बंधू आणि बहिणीची मुले मसूर स्टेशनवर उतरली. जात कळताच स्टेशनमास्तर मागे सरकला. कोणी गाडी द्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे द्यायचे, गाडी मुलांनी हाकायची आणि गाडीवाल्याने बाजूने चालायचे, असे ठरले. घरून आणलेले जेवण सोबत भरपूर होते. प्यायला पाणी नव्हते. वाटेत होते ते चिखल-शेणाने भरलेले. रात्री जकात नाक्यावर मुसलमान आहोत असे सांगूनही पाणी मिळाले नाही. मुले तहानलेलीच झोपली.

या प्रसंगाकडे उष्णतेच्या अंगाने पाहा. पैसे होते, कपडे नवे होते, अन्न होते. शरीराला उन्हाळ्यात सगळ्यात आधी लागते ते पाणी, आणि जातीने अडवले ते पाणीच. सव्वीस वर्षांनी, २० मार्च १९२७ रोजी, बाबासाहेब महाडला चवदार तळ्यावर गेले. त्या ओंजळीत मानवी हक्काचा प्रश्न होता, हे आपण म्हणतोच. पण ज्याला भर उन्हात गावाच्या वेशीबाहेर काम करावे लागते आणि गावाच्या विहिरीवर चढता येत नाही, त्याच्यासाठी तो हक्क जिवाचाही होता.

आणखी एक गोष्ट त्याच प्रसंगात दडलेली आहे. तलावाच्या कामावर दुष्काळग्रस्त मजूर खपत होते. १८९६-९७ आणि १८९९-१९०० अशा दोन मोठ्या दुष्काळांनी तेव्हा मध्य प्रांतही होरपळला होता. म्हणजे हाताला काम नाही त्याला सरकारने काम द्यायचे ते उन्हात माती उचलण्याचे, ही पद्धत शंभर वर्षांहून जुनी आहे. १९७२ च्या दुष्काळातून महाराष्ट्राची रोजगार हमी पुढे आली, १९७७ चा कायदा झाला, तेव्हाही बाया-माणसे खडी फोडत होती. २००५ च्या केंद्रीय कायद्याने मात्र एक महत्त्वाचे पाऊल टाकले. कामाच्या जागी पिण्याचे शुद्ध पाणी, मुलांसाठी सावली, विश्रांतीची वेळ आणि प्रथमोपचार पेटी हवी, असे कायद्यात लिहिले. १९०१ साली जे भीमरावाला मिळाले नाही, ते पाणी मजुराचा हक्क म्हणून कागदावर आले. पण ते सरकारी कामापुरते. खाजगी शेताच्या धुऱ्यावर हा कायदा थांबला.

आता आठ तासांची गोष्ट. १ मे आला की आपण पोस्टर टाकतो, "बाबासाहेबांनी कामाचे तास आठ केले." पोस्टर टाकावे, पण नेमके काय झाले तेही माहीत असावे. १९४२ ते १९४६ बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. १९३४ च्या कायद्याने बारमाही कारखान्यांत आठवड्याला ५४ तासांची मर्यादा होती. १९४६ च्या दुरुस्तीने ती ४८ वर आली. सहा दिवसांचा आठवडा धरला तर दिवसाचे आठ तास. हे फार मोठे काम होते. पण कायद्याचे नाव पाहा. तो कारखान्यांचा कायदा होता.

समजा, त्या काळी आपल्याच एखाद्या घरातला थोरला भाऊ नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये लागला आणि धाकटा मौद्याकडे सालगडी राहिला. थोरल्याला भोंगा होता, हजेरी होती, ४८ तास होते, जास्तीच्या कामाला जास्तीचा दाम होता. धाकट्याचे साल गुढीपाडव्याला ठरायचे. पाडव्याला उचल घेतली की पुढच्या पाडव्यापर्यंत तो मालकाचा. म्हणजे त्याच्या करारी वर्षाची सुरुवातच चैत्र-वैशाखाच्या उन्हात व्हायची. तास किती, हे कोणी विचारायचे नाही. बैलाला पाणी पाजायची वेळ ठरलेली असायची, गड्याला नाही. एका आईच्या दोन लेकरांपैकी एकाला कायदा मिळाला आणि एकाला नाही. ही तफावत १९४६ साली सुरू झाली आणि अजून संपलेली नाही. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने रद्द झाली. पण उचल घेऊन वर्षभर बांधले जाण्याची रीत गावोगाव चालूच आहे.

मग बाबासाहेबांनी शेतमजुराकडे दुर्लक्ष केले का? अजिबात नाही. एप्रिल १९४६ मध्ये त्यांनी किमान वेतनाचे विधेयक केंद्रीय कायदेमंडळात मांडले. १९४८ साली कायदा झाला, आणि त्याच्या परिशिष्टात शेतीचा समावेश होता. शेतमजुराच्या बाजूने उभा राहिलेला हा महत्त्वाचा केंद्रीय कायदा. त्याही पुढे, १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या मसुद्यात त्यांनी मुळालाच हात घातला. शेती हा राज्याचा उद्योग असावा, जमीन जातिधर्माचा भेद न करता गावकऱ्यांना कसायला द्यावी, ती सामुदायिक पद्धतीने कसावी. जमीनदार नाही, कूळ नाही आणि भूमिहीन मजूरही नाही. म्हणजे दुपारी कामाला थांबायची वेळ कसणाऱ्यानेच ठरवायची! संविधानात ते आले नाही. १९६४ साली दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली रिपब्लिकन पक्षाने भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह केला, तो याच अपुऱ्या राहिलेल्या कामासाठी.

आपल्या भागाचाही यात वाटा आहे. मौद्याच्या वर, त्याच कन्हानच्या काठी, कामठीत बाबू हरदास एल. एन. यांची समाधी आहे. 'जय भीम' हा अभिवादनाचा शब्द त्यांनी रुजवला, एवढेच आपण सांगतो. पण हरदासांनी विडी कामगारांची संघटना बांधली होती. विडीचे तेंदूपान तोडले जाते ते ऐन उन्हाळ्यात. ज्या माणसाने आपल्याला 'जय भीम' दिला, त्याचे काम कष्टकऱ्यांच्या मजुरीशी बांधलेले होते. अभिवादन आणि मजुरीचा हिशेब हे एकाच चळवळीचे दोन हात होते. आज एक हात उंच आहे आणि दुसरा खिशात.

आजची स्थिती काय? मौद्यात एनटीपीसीचा २,३२० मेगावॅटचा कोळशावरचा वीजप्रकल्प उभा आहे. त्या विजेवर शहरात एसी चालतात. आणि राज्यातल्या शेतपंपाला कित्येक वर्षे चक्राकार पद्धतीने दिवसा आठ तास नाहीतर रात्री दहा तास वीज, असा हिशेब राहिला. म्हणजे दिवसा ऊन आणि रात्री साप-विंचू. दिवसभर तापलेले शरीर रात्री निवायला हवे, तेव्हा माणूस बांधीत पाणी वळवत असतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१९ मध्ये सांगितले की २०३० पर्यंत उष्णतेमुळे भारताचे ५.८ टक्के कामाचे तास बुडतील, आणि मोठा फटका शेती आणि बांधकामाला बसेल. पगारी माणसाचा तास बुडाला तर कंपनीचे नुकसान. रोजदाराचा तास बुडाला तर त्याच दिवशीची भाजी बुडते. म्हणून तो थांबत नाही. आणि शेतात कोसळून गेला तर घरचे म्हणतात 'अटॅक आला'. तपासणी होत नाही, संध्याकाळी अंत्यविधी होतो, उष्माघाताच्या यादीत त्याचे नाव येत नाही.

कोणी म्हणेल, लहान कुणबी, तेली शेतकरीही उन्हात मरतोच की. खरे आहे. दोन एकरांचा कुणबीही स्वतःच्या रानात तितकाच भाजतो, आणि या मागण्या त्याच्याही आहेत. फरक एवढाच की त्याच्या मागे तुकडा का होईना जमीन असण्याची शक्यता जास्त आहे, आणि आपल्या बहुसंख्यांच्या मागे ती कधीच नव्हती. कोणी असेही म्हणेल, बाबासाहेबांनी खेडे सोडायला सांगितले, मग शेतीचा विचार कशाला? जे सोडू शकले ते गेले. जे राहिले ते आपले नाहीत का?

तेव्हा मित्रांनो, १४ एप्रिलला आपण मिरवणुकीच्या वाटेवर थंड पाण्याचे, ताकाचे स्टॉल लावतो. फार चांगली गोष्ट आहे. यंदा तिथून एक पाऊल पुढे टाकू. १४ एप्रिल ते १ मे हे सतरा दिवस आपल्या हातात आहेत. आपल्या वस्तीत किती सालगडी, किती रोजदार, किती सातऱ्यावर जाणाऱ्या बाया, याची वही तयार करा. त्यांचे तास लिहा, मजुरी लिहा, ती सरकारने ठरवलेल्या किमान वेतनाशी ताडून पाहा. उन्हाळ्यात शेतात कोणी दगावले तर त्याची नोंद करा आणि आरोग्य केंद्राला लेखी कळवा. आणि १ मेच्या ग्रामसभेत ठराव मांडा: दुपारी बारा ते चार शेतमजुरीचे काम बंद, मजुरी न कापता. कामाच्या जागी पाणी आणि सावली देणे मालकाची जबाबदारी. सालगड्याचा करार लेखी, तासांसह.

ठराव फेटाळला जाईल कदाचित. पण कोणी फेटाळला आणि कोणत्या कारणाने, हे इतिवृत्तात लिहून घ्या. चवदार तळ्याची लढाईही आधी १९२३ च्या ठरावात आणि मग महाड नगरपालिकेच्या कागदांत लढली गेली, नंतर ओंजळ भरली.

जय भीम!