व्यापारासाठी साहाय्य : पश्चिम आफ्रिकेतील कापूस उत्पादक देशांचा अनुभव

विकसनशील देशांना केवळ बाजारपेठ खुली करून देणे पुरेसे नाही, त्या बाजारपेठेपर्यंत माल पोहोचवण्याची क्षमताही त्यांच्याकडे असली पाहिजे, हा विचार जागतिक व्यापार संघटनेने डिसेंबर २००५ मध्ये औपचारिकपणे स्वीकारला. हाँगकाँग येथे भरलेल्या संघटनेच्या सहाव्या मंत्रिस्तरीय परिषदेत ‘व्यापारासाठी साहाय्य’ या उपक्रमाला मान्यता देण्यात आली. त्या वेळी जपानने तीन वर्षांत १० अब्ज डॉलर, अमेरिकेने २०१० पर्यंत वर्षाला २ अब्ज ७० कोटी डॉलर, तर युरोपीय संघाने २०१० पर्यंत वर्षाला २ अब्ज युरो देण्याचे आश्वासन दिले होते. जुलै २००६ मध्ये संघटनेच्या कृतिगटाने उपक्रमाची रूपरेषा निश्चित केली आणि नोव्हेंबर २००७ मध्ये जिनिव्हा येथे त्याचा पहिला जागतिक आढावा घेण्यात आला.

या उपक्रमासाठी स्वतंत्र निधी उभारण्यात आलेला नाही. श्रीमंत देश आणि जागतिक बँकेसारख्या संस्था जी विकास मदत देतात, तिच्यातील व्यापाराशी संबंधित भाग या नावाखाली मोजला जातो. व्यापारविषयक कायदे व नियम तयार करण्यासाठीचे मार्गदर्शन, सीमाशुल्क अधिकाऱ्यांचे प्रशिक्षण, रस्ते, बंदरे, वीज व दूरसंचार, शेती व उद्योगांची उत्पादनक्षमता, तसेच आयात शुल्क कमी केल्यामुळे बसणारी झळ सोसण्यासाठीची मदत, अशा अनेक बाबी त्यात येतात. २०२२ या एका वर्षात या सर्व बाबींवर मिळून सुमारे ५१ अब्ज डॉलर वितरित झाले.

‘साहाय्य’ या शब्दाने वाचकाचा गैरसमज होण्याचा मात्र संभव आहे. या रकमेतील मोठा भाग देणगी नसून सवलतीच्या व्याजदराने दिलेले कर्ज असते आणि ते फेडावे लागते. सर्वाधिक रक्कम मिळवणाऱ्या देशांमध्ये भारताचे नाव अनेक वर्षे अग्रभागी राहिले, त्याचेही हेच कारण आहे. दादरीपासून मुंबईजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरापर्यंतचा पश्चिम समर्पित मालवाहतूक मार्ग जपानच्या अशाच कर्जातून उभारण्यात आला. ज्या देशांची निर्यात एकदोन कृषिमालांवरच अवलंबून असते, त्यांना या उपक्रमातून काय मिळाले हे पाहायचे असेल, तर पश्चिम व मध्य आफ्रिकेतील बेनिन, बुर्किना फासो, माली आणि चाड या चार देशांच्या कापसाचे उदाहरण सर्वांत बोलके ठरते.

या चार देशांनी २००३ मध्ये जागतिक व्यापार संघटनेला सादर केलेल्या निवेदनानुसार, त्यांच्या राष्ट्रीय उत्पन्नाचा ५ ते १० टक्के, एकूण निर्यात उत्पन्नाचा सुमारे ३० टक्के आणि शेतमालाच्या निर्यात उत्पन्नाचा ६० टक्क्यांहून अधिक वाटा एकट्या कापसातून येत होता. तेथील कापूस कोरडवाहू शेतात, लहान शेतकरी कुटुंबे पिकवतात आणि वेचणी हातानेच होते. शेतकऱ्यांना बियाणे व खते उधारीवर द्यायची, हंगामापूर्वी दर जाहीर करायचा आणि सगळा कापूस एकाच कंपनीने विकत घ्यायचा, अशी पद्धत तेथे दीर्घकाळ रूढ होती. मालीतील सीएमडीटी आणि बुर्किना फासोतील सोफिटेक्स या त्यांतील प्रमुख कंपन्या होत. १९७२ मध्ये सुरू झालेली महाराष्ट्राची एकाधिकार कापूस खरेदी योजना ज्यांच्या स्मरणात आहे, त्यांना या व्यवस्थेचे गुण आणि दोष वेगळे सांगण्याची गरज नाही.

२००१-०२ च्या हंगामात जागतिक बाजारात रुईचा भाव पौंडाला सरासरी ४२ सेंटच्या आसपास घसरला. भाव पडला की लागवड कमी व्हावी आणि पुढे भाव सावरावा, असा बाजाराचा सर्वसाधारण नियम. मात्र, त्या वेळी जगातील सर्वांत मोठा कापूस निर्यातदार असलेल्या अमेरिकेत भाव जितका खाली जाई, तितके सरकारी अनुदान वाढत असे. त्यामुळे तेथील लागवड आटोक्यात आली नाही आणि घसरणीचा भार अनुदान नसलेल्या देशांवर पडला. ऑक्सफॅम या संस्थेच्या २००२ मधील अहवालानुसार, अमेरिकेतील सुमारे २५ हजार कापूस उत्पादकांना त्या हंगामात ३ अब्ज ९० कोटी डॉलरचे अनुदान मिळाले. ही रक्कम बुर्किना फासोच्या संपूर्ण राष्ट्रीय उत्पन्नापेक्षा अधिक आणि यूएसएआयडी या अमेरिकेच्या विकास मदत संस्थेने साऱ्या आफ्रिका खंडासाठी केलेल्या तरतुदीच्या तिप्पट असल्याचे अहवालात नमूद केले होते. एका हाताने दिलेली मदत दुसऱ्या हाताने काढून घेतली जात होती, असा त्याचा सरळ अर्थ होता.

चलनव्यवस्थेमुळे हा फटका आणखी तीव्र झाला. कापसाचा जागतिक भाव डॉलरमध्ये ठरतो, तर या चारही देशांतील शेतकऱ्याला पैसे मिळतात ते सीएफए फ्रँकमध्ये. फ्रँकचा विनिमय दर युरोशी कायमचा बांधलेला आहे. २००२ नंतर डॉलरच्या तुलनेत युरो वधारत गेला, त्यामुळे जागतिक भाव काहीसा सुधारला तेव्हाही तेथील शेतकऱ्याच्या हाती त्या प्रमाणात पैसे आले नाहीत. शिवाय माली, बुर्किना फासो आणि चाड या देशांना समुद्रकिनारा नाही. गाठी ट्रकने शेकडो किलोमीटर दूरच्या परदेशी बंदरांपर्यंत न्याव्या लागतात. सप्टेंबर २००२ मध्ये आयव्हरी कोस्टमध्ये यादवी भडकली, तेव्हा माली आणि बुर्किना फासोचा आबीजान बंदराकडे जाणारा नेहमीचा मार्गच खंडित झाला होता.

या पार्श्वभूमीवर १० जून २००३ रोजी बुर्किना फासोचे तत्कालीन अध्यक्ष ब्लेझ कंपाओरे स्वतः जिनिव्हाला गेले आणि चार देशांचा प्रस्ताव त्यांनी व्यापार वाटाघाटी समितीपुढे मांडला. श्रीमंत देशांनी कापसावरील अनुदाने टप्प्याटप्प्याने रद्द करावीत आणि ती पूर्णपणे रद्द होईपर्यंत अल्पविकसित उत्पादक देशांना नुकसानभरपाई द्यावी, अशा त्यांच्या दोन मागण्या होत्या. विशेष सवलती वा वाढीव मदत मागण्याऐवजी संघटनेचे तत्त्व सर्वांना सारखे लागू करा, एवढाच त्यांचा आग्रह होता. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मेक्सिकोतील कानकुन येथे झालेली मंत्रिस्तरीय परिषद निष्फळ ठरली आणि कापूस हा तेथील तीव्र मतभेदाच्या विषयांपैकी एक होता.

त्यानंतर कापसाचा प्रश्न दोन वाटांनी हाताळला जाऊ लागला. अनुदाने आणि शुल्क यांची चर्चा व्यापाराच्या वाटेने, तर मदतीची चर्चा विकासाच्या वाटेने होऊ लागली. कामाच्या सोयीसाठी केलेली ही विभागणी पुढे निर्णायक ठरली, कारण दोन्ही वाटांवरील प्रगतीचा वेग सारखा राहिला नाही.

विकासाच्या वाटेवर काही ठोस कामे झाली. अमेरिकेच्या मिलेनियम चॅलेंज कॉर्पोरेशन या संस्थेने २००६ मध्ये बेनिनशी ३० कोटी ७० लाख डॉलरचा करार केला. त्यातील महत्त्वाचा भाग कोतोनू बंदराच्या सुधारणेसाठी होता आणि हे काम २०११ पर्यंत चालले. बंदरात जहाज ताटकळले की त्याचा खर्च अखेर कापसाच्या खरेदी दरातून वजा होतो, हे लक्षात घेता अशा कामाचा लाभ थेट शेतापर्यंत पोहोचू शकतो. यूएसएआयडीनेही या चार देशांसाठी कापूस सुधार कार्यक्रम हाती घेतला होता.

भारताने दिलेले साहाय्य रकमेने लहान असले, तरी त्याचे स्वरूप वेगळे आहे. भारताचा आफ्रिकेसाठीचा कापूस तांत्रिक साहाय्य कार्यक्रम २०१२ ते २०१८ या काळात राबवण्यात आला. मुंबईतील माटुंगा येथे १९२४ मध्ये प्रयोगशाळा म्हणून सुरू झालेली केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था या कार्यक्रमात सहभागी होती. संस्थेच्या नागपूर येथील जिनिंग प्रशिक्षण केंद्रात आफ्रिकी तंत्रज्ञांना प्रशिक्षण देण्यात आले. बेनिनमधील बोहिकाँ येथे कापूस वेचणीनंतरच्या प्रक्रियेचे प्रादेशिक ज्ञान केंद्रही उभारण्यात आले. पश्चिम आफ्रिकेतील जिनिंग कारखाने प्रामुख्याने करवती दात्यांच्या यंत्रांवर चालतात, तर भारतात दुहेरी रोलर यंत्रांचा वापर अधिक आहे. रोलर यंत्रात धाग्याची लांबी चांगली टिकते, मात्र करवती यंत्राचा वेग अधिक असतो. रुईचा उतारा मात्र आफ्रिकेतील कापसाला भारतापेक्षा जास्त मिळतो, म्हणजे शिकण्यासारखे दोन्ही बाजूंना होते. सरकीवर प्रक्रिया, पऱ्हाट्यांपासून जळणाच्या कांड्या व फळ्या तयार करणे असे विषयही प्रशिक्षणात होते. विदर्भातील शेतकऱ्याला ओळखीच्या असलेल्या याच अडचणी तेथेही आहेत, त्यामुळे युरोपातील तज्ज्ञापेक्षा नागपूरचा तज्ज्ञ तेथे अधिक उपयोगी पडतो, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. ७ ऑक्टोबर २०१९ रोजी जिनिव्हा येथे पहिला जागतिक कापूस दिन साजरा झाला. त्या वेळी भारताने या कार्यक्रमाचा दुसरा टप्पा जाहीर केला आणि त्याची व्याप्ती ११ देशांपर्यंत वाढवण्याचे ठरवले.

व्यापाराच्या वाटेवरचे चित्र वेगळे आहे. विकसित देशांनी कापसावरील निर्यात अनुदाने २००६ मध्ये बंद करावीत, असे हाँगकाँग येथे ठरले आणि डिसेंबर २०१५ मधील नैरोबी परिषदेत निर्यात अनुदानांवरील बंदी अधिक व्यापक करण्यात आली. निर्यात अनुदान हा मात्र प्रश्नाचा लहान भाग होता. मोठा भाग देशांतर्गत अनुदानांचा, आणि त्यावर नैरोबीत केवळ अधिक प्रयत्नांची गरज मान्य करण्यात आली. २०२४ मध्ये अबुधाबी येथे झालेल्या तेराव्या परिषदेतही शेतीविषयी एकमत होऊ शकले नाही. अल्पविकसित देशांच्या कापसाला शुल्कमुक्त प्रवेश देण्याच्या निर्णयाचेही व्यावहारिक मूल्य मर्यादित होते, कारण युरोपीय संघात कच्च्या कापसावर शुल्क नव्हतेच आणि आफ्रिकेचा बहुतांश कापूस आता बांगलादेशसारख्या आशियाई देशांतील सूतगिरण्यांकडे जातो.

याच काळात ब्राझीलने निवडलेला मार्ग उल्लेखनीय आहे. अमेरिकेच्या कापूस अनुदानाविरुद्ध ब्राझीलने २००२ मध्ये जागतिक व्यापार संघटनेकडे दाद मागितली आणि मार्च २००५ मध्ये अपिलातही त्याचा विजय झाला. अमेरिकेने निर्णयाची पूर्ण अंमलबजावणी केली नाही, तेव्हा प्रतिकारात्मक शुल्क लावण्याचा अधिकार ब्राझीलला मिळाला. तो वापरला जाऊ नये यासाठी अमेरिकेने २०१० पासून ब्राझीलच्या कापूस क्षेत्राला वर्षाला १४ कोटी ७३ लाख डॉलर देण्याचे मान्य केले आणि २०१४ मध्ये आणखी ३० कोटी डॉलर देऊन हा वाद मिटवला. बेनिन आणि चाड हे देशही त्याच खटल्यात त्रयस्थ पक्ष म्हणून सहभागी होते. त्यांची बाजू तीच होती, मात्र प्रतिकाराची धमकी देता येईल एवढी मोठी बाजारपेठ त्यांच्याकडे नव्हती. ब्राझीलला मिळालेल्या निधीतील काही रक्कम आफ्रिकेतील कापूस क्षेत्राशी सहकार्यासाठी वापरण्याची मुभा होती, एवढाच त्यांना अप्रत्यक्ष लाभ.

भारताची भूमिकाही या प्रश्नात सरळ एका बाजूची नाही. आफ्रिकी देशांच्या मागणीला भारताने पाठिंबा दिला आहे. तथापि, भारत स्वतः कापसाला किमान आधारभूत किंमत देतो. हा आधार मान्य मर्यादेपेक्षा खूप अधिक असल्याचा दावा अमेरिकेने नोव्हेंबर २०१८ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत केला. १९८६ ते १९८८ या काळातील किमती प्रमाण धरून केलेली ही मोजणी भारताला मान्य नाही. चीनही आपल्या कापसाला मोठा आधार देतो. त्यामुळे अनुदानांची चर्चा आता श्रीमंत विरुद्ध गरीब इतकी सोपी राहिलेली नाही.

शुल्क सवलत हा साहाय्याचा आणखी एक प्रकार. भारताने एप्रिल २००८ मध्ये पहिल्या भारत-आफ्रिका शिखर परिषदेत अल्पविकसित देशांसाठी शुल्क सवलत योजना जाहीर केली. त्या वर्षी ऑगस्टपासून ती टप्प्याटप्प्याने अमलात आली आणि २०१४ मध्ये तिची व्याप्ती सुमारे ९८ टक्के वस्तूंपर्यंत वाढली. अशा सवलती देणाऱ्याच्या इच्छेवर अवलंबून असतात. अमेरिकेने आफ्रिकी देशांसाठी २००० मध्ये केलेल्या सवलतीच्या कायद्यातून लष्करी सत्तांतरांनंतर माली जानेवारी २०२२ मध्ये आणि बुर्किना फासो जानेवारी २०२३ मध्ये वगळण्यात आले. मदत संस्थांचेही तसेच. यूएसएआयडीचे स्वतंत्र कामकाज १ जुलै २०२५ रोजी संपुष्टात आले आणि तिचे उरलेले कार्यक्रम अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याकडे गेले. ज्या देशांनी आपल्या शेती सुधारणांचे नियोजन अशा निधीच्या भरवशावर केले होते, त्यांना ते नव्याने करावे लागत आहे.

या चारही देशांत पिकणाऱ्या कापसाचा अगदी अल्प भाग तेथेच सूत व कापडात रूपांतरित होतो, बाकी सारी रुई गाठींच्या रूपात बाहेर जाते. हे प्रमाण वाढवण्यासाठी जागतिक व्यापार संघटना आणि फिफा ही जागतिक फुटबॉल संघटना यांनी सप्टेंबर २०२२ मध्ये सामंजस्य करार केला. फुटबॉलच्या अर्थव्यवस्थेत या देशांच्या कापसाला स्थान मिळावे, असा त्याचा हेतू आहे. बेनिनने कोतोनूजवळ ग्लो-जिग्बे येथे औद्योगिक क्षेत्र उभारले असून तेथे स्थानिक कापसापासून सूत, कापड आणि तयार कपडे बनवण्यास सुरुवात झाली आहे. सरकार आणि खासगी गुंतवणूकदार यांच्या भागीदारीतून हा प्रकल्प उभा राहिला आहे. तेथे तयार झालेले कपडे कोतोनू बंदरातूनच परदेशी रवाना होतात.